ओंठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

हल्लीं आपल्या कुटुंबांतून एक नवी वहिवाट पडत चालली आहे, आणि ती चांगली आहे असें आम्हांस वाटतें. मुंज असो, लग्न असो, आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन असो, त्याचें चलच्चित्र घेऊन ठेवल्यावांचून समारंभ पुरा झालासा कोणास वाटत नाहीं. त्याहूनहि स्तुत्य गोष्ट ही कीं, कांहीं घरीं वडीलधाऱ्या माणसांस समोर बसवून त्यांच्या आठवणी, ओव्यांच्या व आरत्यांच्या जुन्या चाली, कुळाचारांतील बारीकसारीक तपशील त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवूं लागले आहेत. पूर्वीं हें काम वंशावळीच्या वहीवर भागत असे. पण वहींत आवाज उतरत नाहीं आणि चेहराहि उतरत नाहीं. आतां खिशांतल्या फोनानें दोन्ही उतरतात.

मात्र उतरलेल्या या दोन वस्तु पुष्कळदां एकमेकींशीं फटकून वागतात. चित्रांत आजींचे ओंठ मिटलेले असतात आणि शब्द चालूच असतो. आरतींत टाळ एकमेकांवर आपटलेले दिसतात आणि त्यांचा नाद मागाहून येतो. घरांतील तरुण मंडळी मग आवाज थोडा पुढें सरकवतात, थोडा मागें सरकवतात, आणि रात्र जागून सकाळीं पाहातात तों एक टोंक जुळलें तर दुसरें सुटलेलें! चित्र व आवाज यांच्या या मेळास धंद्यांतील लोक 'सिंक' म्हणतात. हा मेळ कां बिघडतो, बिघाड कोणत्या जातीचा आहे हें कसें ओळखावें, आणि तो दुरुस्त कसा करावा, याचा विचार या खेपेस करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय यंत्राचा दिसतो खरा. पण त्यास लागणारें गणित त्रैराशिकापलीकडे जात नाहीं, आणि लागणारें व्याकरण तर वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणींच पाठ केलेलें आहे.

प्रथम सृष्टीचा नियम पाहूं. घरांतल्या किंवा मंगल कार्यालयांतल्या अंतरावर प्रकाश डोळ्यांस तत्काळ पोहोंचतो असें म्हणण्यास हरकत नाहीं. ध्वनि मात्र २० अंश उष्णमानाच्या हवेंत सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. पावसाळ्यांत वीज आधीं दिसते आणि गडगडाट मागाहून येतो; नदीच्या पलीकडील तीरावर कोणी धुणें आपटीत असेल तर कपडा दगडावर पडल्यावर क्षणभरानें 'धप्' असा आवाज येतो. जन्मापासून आपल्या मनास याची संवय असते. म्हणून चलच्चित्रांत आवाज किंचित् मागें राहिला तर मन तें चालवून घेतें. पण आवाज चित्राच्या आधीं आला कीं तें ताबडतोब बिचकतें, कारण कार्य कारणाच्या आधीं घडलेलें त्यानें कधींच पाहिलेलें नसतें.

हा भेद किती आहे याचें माप काढलेलें आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९८ सालीं दूरचित्रवाणीसाठीं जी शिफारस प्रसिद्ध केली, तींत असें दिलें आहे कीं, आवाज ४५ सहस्रांश सेकंद आधीं आला तरी प्रेक्षकांच्या तें ध्यानीं येऊं लागतें; उलट तो उशिरा येत असेल तर १२५ सहस्रांशांपर्यंत ध्यानीं येत नाहीं. सहन होण्याची मर्यादाहि अशीच एका बाजूस झुकलेली आहे: आधीं आल्यास ९०, मागाहून आल्यास १८५ सहस्रांश. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या पद्धतींत सेकंदास २५ फ्रेम म्हणजे २५ स्वतंत्र चित्रें असतात. अर्थात् एक फ्रेम ४० सहस्रांशांची. म्हणजे आवाज सव्वा फ्रेम पुढें गेला तरी खटकतो, पण तीन फ्रेम मागें राहिला तरी निभावतो. हे आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

कोणी म्हणेल, दशमांश सेकंदासाठीं एवढा खटाटोप कशाला? अर्थ तर समजतो ना? पण ऐकणें हें केवळ कानाचें काम नव्हे. हॅरी मॅक्गर्क व जॉन मॅक्डोनल्ड या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं 'बा' असा आवाज, 'गा' म्हणणाऱ्या तोंडाच्या चित्रास जोडला. पाहाणाऱ्यांपैकीं बहुतेकांस ऐकूं आला 'दा'! आपल्या वर्णमालेंत हे तीन वर्ण कोठें बसतात तें पाहावें. कानास मिळाला ओष्ठ्य, डोळ्यांस मिळाला कंठ्य, आणि मनानें दोहोंच्या मधला दन्त्य निवडून तडजोड केली. डोळे मिटतांच त्याच माणसांस स्वच्छ 'बा' ऐकूं येई. तात्पर्य, आपण सर्वच जण थोडेबहुत ओंठ वाचून ऐकत असतों. ज्यांचा कान अधू झाला आहे ते तर अधिकच. घरांतील वृद्ध माणूस चलच्चित्र पाहातांना "कांहीं कळत नाहीं" असें म्हणून उठून गेलें, तर दोष प्रत्येक वेळीं त्याच्या कानाचा असतो असें नाहीं. त्याच्या डोळ्यांस आपण चुकीची साक्ष देत असतों.

हा मेळ राखण्याची काळजी बोलपटाच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेंत १९२७ सालच्या 'द जॅझ सिंगर' या चित्रपटाचा आवाज फिल्मवर नसून निराळ्या तबकड्यांवर होता. प्रक्षेपकानें फिल्म व तबकडी बरोबर खुणेवर चालू करावयाची, आणि मध्येंच फिल्म तुटली तर जितकीं चित्रें वांयां गेलीं तितक्याच लांबीचा कोरा तुकडा जोडावयाचा. नाहींतर तेथून पुढें नायकाचा शब्द नायिकेच्या तोंडीं पडण्याची भीति. पुढें आवाज फिल्मच्याच कडेवर छापूं लागले, तेव्हां दोघांचा संसार एका पट्टीवर आला. तरीहि प्रत्येक चित्राचा आवाज त्याच्या शेजारीं छापीत नसत. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर तो २० फ्रेम पुढें छापीत. कारण चित्र दाखवितांना फिल्म सेकंदांतून २४ वेळां थबकावी लागते, आणि आवाज वाचतांना तर ती अखंड वाहिली पाहिजे. म्हणून यंत्रांत दोहोंचीं ठिकाणें निराळीं ठेवावीं लागलीं. फिल्म ओंवतांना मधला वळसा कमीअधिक झाला कीं ओंठ व आवाज यांची फारकत झालीच.

आपल्या देशांत अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत लागला, आणि पुढच्याच वर्षीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. 'आलम आरा'चे चित्रण करतांना आवाज त्याच वेळीं, त्याच फिल्मवर घेतला जाई. त्यामुळें मेळ बिघडण्याचा प्रश्न थोडा, पण गोंगाट टाळण्याचा प्रश्न मोठा. आज त्या चित्रपटाची एकहि प्रत कोठें उपलब्ध नाहीं. एवढा गाजलेला बोलपट जर नाहींसा होऊं शकतो, तर आपल्या घरच्या नोंदींची काळजी आपणांवांचून दुसरें कोण घेणार?

आतां मुख्य मुद्यावर येऊं. वैद्यकांत आधीं निदान आणि मग चिकित्सा असा क्रम आहे. सिंकच्या बाबतींत बहुतेक लोक निदान न करतांच औषध देतात, म्हणजे आवाज पुढेंमागें सरकवूं लागतात. त्याऐवजीं तीन प्रश्न या क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न: दोष मूळ नोंदींत आहे कीं पाहाण्याच्या साधनांत? ब्लूटूथच्या बिनतारी हेडफोनांत आवाज पोहोंचण्यास सेकंदाच्या दशमांशापासून पाव सेकंदापर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक, वेळ लागतो. कांहीं साधनें हा उशीर आपण होऊन भरून काढतात, कांहीं काढीत नाहींत. उलट, मोठे आधुनिक टीव्ही चित्र अधिक गुळगुळीत करण्याच्या नादांत तें उशिरा दाखवितात आणि बाहेर जोडलेल्या स्पीकरांतून आवाज आधींच येऊन बसतो. अशा वेळीं नोंदीस हात लावणें म्हणजे चष्म्यावर डाग पडला असतां पुस्तक पुसण्यासारखें आहे. तीच नोंद तारेच्या हेडफोनानें, शक्य तर दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, पाहावी. तेथें मेळ बरोबर असेल तर नोंद निर्दोष. टीव्हीच्या सेटिंगमध्यें आवाजास उशीर लावण्याची सोय बहुधा असते. आवाज आधींच येत असेल तर ती वापरावी. चित्रावरचे संस्कार कमी करणारा 'गेम मोड' चालू केल्यानेंहि पुष्कळदां काम भागतें.

दुसरा प्रश्न: अंतर कोणत्या चालीचें आहे? यासाठीं नोंदीच्या आरंभीं, मध्यें व शेवटीं अशा निदान तीन जागीं मोजदाद करावी. आरंभापासून शेवटपर्यंत तें सारखेंच राहात असेल तर तें स्थिर अंतर. संपूर्ण आवाज तेवढाच सरकविला कीं काम झालें. आरंभीं कांहींच नाहीं आणि पुढें हळूहळू वाढत जातें, तर तें चढतें अंतर. अमुक मिनिटापर्यंत सर्व ठीक, आणि तेथून एकदम अंतर पडून पुढें तेवढेंच राहिलें, तर ती पायरी. त्या जागीं कोणीतरी चित्राचा तुकडा कापतांना आवाज कापावयास विसरलें आहे असें खुशाल समजावें आणि तेथेंच दुरुस्ती करावी. आणि अंतर कधीं वाढतें, कधीं घटतें, त्यास कांहीं ताळतंत्रच नाहीं, असें असेल तर तें लहरी अंतर.

या लहरी अंतराचें कारण बहुधा फोनांत सांपडतें. फोनाचा कॅमेरा सेकंदास ठराविक फ्रेम घेईलच असा नेम नसतो. खोलींत उजेड कमी झाला, यंत्र तापलें, कीं तो फ्रेमा कमी घेतो आणि उजेड आला कीं पुन्हां वाढवितो. प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवावयाची याची टिपणी फायलींत असते. पण कांहीं एडिटिंगचे प्रोग्राम ती नीट न वाचतां सर्व फ्रेमा सारख्या कालाच्या धरून चालतात. मीडियाइन्फो नांवाचा विनामूल्य प्रोग्राम फाईल पाहून तींतील फ्रेमांची गति स्थिर आहे कीं बदलती हें सांगतो. बदलती असेल तर एडिटिंगला बसण्यापूर्वींच हँडब्रेकसारख्या प्रोग्रामानें स्थिर गतीची नवी प्रत करून घ्यावी आणि मगच पुढें जावें. आधीं काटछाट करून मग हा उपाय करूं पाहाल तर दुप्पट श्रम पडतील.

तिसरा प्रश्न चढत्या अंतरापुरता आहे: तासाला किती? येथें त्रैराशिक उपयोगी पडतें. तासाला दशमांश-दोन दशमांश सेकंद पडत असतील तर दोन यंत्रांचीं घड्याळें जुळत नाहींत. तासाला बरोबर ३.६ सेकंद पडत असतील तर कारण निराळें. अमेरिकेंत १९५३ सालीं रंगीत दूरचित्रवाणीची पद्धति ठरली, तेव्हां सेकंदास ३० फ्रेमांचा वेग १००१ स १००० या प्रमाणांत कमी करून सुमारें २९.९७ केला गेला. तो आंकडा आजच्या यंत्रांतहि वावरतो, आणि एका प्रोग्रामानें ३० व दुसऱ्यानें २९.९७ धरले कीं हजारांत एक, म्हणजे तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तासाला २ मिनिटें २४ सेकंद पडत असतील तर २४ फ्रेमांचें चित्र २५ च्या वेगानें धांवत आहे. आणि जवळजवळ पांच मिनिटें पडून शिवाय आवाजाचा सूरच बदलला असेल, आजोबा एखाद्या पोराप्रमाणें बोलत असतील, तर आवाज सेकंदास ४४,१०० नमुन्यांनीं घेतलेला असून तो ४८,००० चा समजून वाजविला जात आहे. अंतराचा आंकडाच रोगाचें नांव सांगतो; मोजल्यावांचून तो हातीं येत नाहीं.

मोजावें कसें? येथें आपलें जुनें व्याकरण कामास येतें. बोलतांना ओंठ पूर्ण मिटतात ते फक्त पवर्गाच्या वेळीं: प, फ, ब, भ, म. क, च, ट, त यांची स्थानें तोंडाच्या आंत असल्यामुळें चित्रांत तीं नीटशीं दिसत नाहींत. म्हणून मेळ तपासतांना ओष्ठ्य वर्ण शोधावा, आणि त्यांतहि शब्दाच्या आरंभींचा 'प' सर्वांत उत्तम; 'पाणी', 'पंढरी', 'पाय' असा एखादा शब्द, मागें क्षणभर थांबून उच्चारलेला. 'प' म्हणतांना ओंठ मिटलेले असेपर्यंत आवाज मुळींच नसतो आणि ओंठ उघडतांच तो फुटतो. पडद्यावर आवाजाची जी नागमोडी रेघ दिसते, ती तेथें आधीं सपाट असते आणि एकदम उंच उडते. चित्र एकेक फ्रेमीनें पुढें नेऊन ओंठ ज्या फ्रेमींत प्रथम विलग दिसतील ती फ्रेम आणि रेघेची उडी हीं एकाखालीं एक आलीं पाहिजेत. 'म' यासाठीं कामाचा नाहीं. तो अनुनासिक असल्यानें ओंठ मिटलेले असतांहि नाकांतून चालूच राहातो. 'ब' व 'भ' घोष असल्यानें त्यांचाहि आवाज किंचित् आधींच सुरू होतो. आमच्या शाळेंत वर्णांचीं स्थानें पाठ करतांना मुलें कंटाळत, आणि याचा उपयोग काय म्हणून विचारीत. त्यांस देण्याजोगें एक उत्तर हें.

आतां हें सर्व एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहूं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नातवानें आपल्या आजींच्या दळणाच्या ओव्या आणि माहेरच्या आठवणी एका दुपारीं बसून घेतल्या. चित्र फोनावर, आणि आवाज चांगला यावा म्हणून आजींच्या पदरास अडकविलेल्या निराळ्या लहान रेकॉर्डरवर. नोंद ७० मिनिटांची झाली. पुढें चार महिन्यांनीं आजी वारल्या. वर्षश्राद्धास मंडळी जमली तेव्हां ती नोंद सर्वांस दाखविली. आजींच्या थोरल्या कन्या, म्हणजे त्या मुलाच्या आत्या, यांस पुष्कळ दिवसांपासून कमी ऐकूं येतें. त्या अगदीं पुढें बसून पाहात होत्या. पहिलीं वीस-पंचवीस मिनिटें त्या मानेनें दाद देत होत्या. पुढें पुढें त्यांचा चेहरा गोंधळलेला दिसूं लागला, आणि शेवटीं त्या म्हणाल्या, "अरे, आईचे ओंठ पाहावे तर शब्द निराळाच कानीं येतो. शेवटचें मला कांहींच उमगलें नाहीं."

मुलगा हुशार, पण घाईचा. त्यानें शेवट पाहून आवाज पुढें ओढला. तेव्हां आरंभ बिघडला. आरंभ नीट केला तों शेवट सुटला. "गुरुजी, एक धरावें तर दुसरें निसटतें," असें म्हणत तो आमच्याकडे आला. आम्हीं त्यास वरील तीन प्रश्न क्रमानें विचारले. पहिल्या प्रश्नींच असें निघालें कीं, दोन रात्री तो ब्लूटूथच्या हेडफोनानें ऐकून मेळ बसवीत होता, आणि आपल्या हेडफोनाचा उशीर आजींच्या माथीं मारीत होता. ते बाजूस ठेवून तारेचे घेतले. मग मोजणी केली. आरंभीं आजींनीं हंसत वाजविलेली टाळी होती. तेथें अंतर शून्य. ३५ व्या मिनिटास 'पंढरी' शब्दावर आवाज दशमांश सेकंद मागें. ७० व्या मिनिटास ०.२१ सेकंद मागें. अर्ध्या वाटेवर निम्में, पुरी वाट चालल्यावर पुरें: अंतर सरळ चढतें होतें.

०.२१ सेकंद ७० मिनिटांत, म्हणजे ४,२०० सेकंदांत. प्रमाण वीस हजारांस एक. प्रत्येक यंत्राच्या पोटांत गारगोटीच्या जातीच्या स्फटिकावर चालणारें एक घड्याळ असतें, आणि कोणतींहि दोन घड्याळें तंतोतंत सारखीं नसतात. वीस हजारांस एक म्हणजे दिवसाला सुमारें चार सेकंद. हातांतल्या घड्याळाची एवढी चूक आपण ध्यानांतहि घेत नाहीं. फोन व रेकॉर्डर हीं दोन्ही आपापल्या परीनें प्रामाणिकच होतीं. केवळ त्यांची सेकंदाची कल्पना थोडी भिन्न होती.

आतां मुलाचा उपाय कां फसला हें स्पष्ट होईल. शेवट जुळविण्यासाठीं सर्वच आवाज ०.२१ सेकंद पुढें ओढला, तेव्हां आरंभीं तो तितकाच आधीं येऊं लागला. मघां सांगितल्याप्रमाणें आधीं येणारा आवाज ९० सहस्रांशांपुढें सहन होत नाहीं. हा तर २१० सहस्रांश आधीं. एक दुखणें काढून त्याहून वाईट दुखणें विकत घेतलें.

खरा उपाय दोन प्रकारांनीं होतो. एक, आवाजाची एकंदर लांबी वीस हजारांस एक या प्रमाणांत कमी करणें, म्हणजे ९९.९९५ टक्के करणें. एवढ्यानें सुरांत पडणारा फरक कोणत्याहि कानास कळणार नाहीं. पण पुष्कळ एडिटिंगच्या प्रोग्रामांत टक्क्यांचे दोनच दशांश लिहितां येतात, आणि त्या मुलाचा प्रोग्राम तसाच निघाला. म्हणून दुसरा प्रकार घेतला. दर दहा मिनिटांच्या सुमारास, एक ओवी संपून दुसरी सुरू होण्यापूर्वीं आजी जेथें श्वास घेत, त्या निःशब्द जागीं ०.०३ सेकंद कापून पुढचा आवाज तेवढा अलीकडे घेतला. अशीं सहा ठिकाणें. त्यामुळें कोणत्याहि क्षणीं अंतर ०.०३ सेकंदांच्या आसपासच राहिलें, म्हणजे एका फ्रेमीहूनहि कमी. सर्व काम दीड तासांत उरकलें. एकहि शब्द कापला गेला नाहीं, आणि मूळ दोन्ही फायली जशाच्या तशा निराळ्या ठेवलेल्या होत्या.

पुढच्या रविवारीं आत्याबाईंनीं ती नोंद पुन्हां पाहिली. शेवटच्या पांच मिनिटांत आजींनीं एक आठवण सांगतांना थोरल्या लेकीचा उल्लेख तिच्या लहानपणच्या लाडक्या नांवानें केला आहे. त्या नांवाचीं दोन्ही अक्षरें ओष्ठ्य आहेत. वर्षश्राद्धाच्या दिवशीं तें त्यांस मुळींच कळलें नव्हतें. या वेळीं कळलें. त्यांनीं तेवढा भाग तीनदां लावावयास सांगितला.

हें सर्व त्रास मुळांतच टळावे यासाठीं चार पथ्यें सांगून ठेवतों. चित्रपटाच्या चित्रणांत काळी-पांढरी पाटी आपटतात तो निव्वळ थाट नव्हे. पाटीचें मिटणें चित्रांत दिसतें आणि तिचा 'टक्' असा ध्वनि आवाजांत सांपडतो, म्हणून दोन पट्ट्या जुळवितां येतात. आपण नुसती टाळी वाजवावी. पण कॅमेऱ्यास स्पष्ट दिसेल अशी, आणि केवळ आरंभीं नव्हे तर शेवटींहि. आरंभींची टाळी स्थिर अंतर सांगते, शेवटची टाळी चढतें अंतर सांगते. दुसरें पथ्य, रेकॉर्डर निराळा वापरला तरी फोनाचा स्वतःचा आवाज बंद करूं नये. तो वाईट असला तरी पुढें चांगला आवाज कोठें बसवावयाचा याचा तो वाटाड्या होतो, आणि आजचे प्रोग्राम दोन्ही रेघा ताडून पाहून मेळ आपोआप बसवितात. तिसरें, रेकॉर्डरवर सेकंदास ४८,००० नमुने हाच आंकडा निवडावा, कारण चलच्चित्रांच्या कामांत तोच रूढ आहे. फोनावर एकच ठराविक फ्रेमगति निवडतां येत असेल तर ती निवडावी आणि खोलींत उजेड भरपूर ठेवावा. चौथें, आवाज बोलणाऱ्याच्या जवळून घ्यावा. कार्यालयाच्या शेवटच्या रांगेंतून, व्यासपीठापासून १७ मीटरांवरून, फोन धरला तर केवळ हवेंतून येतांनाच आवाजास सेकंदाचा विसावा भाग लागतो. तो उशीर यंत्राचा नव्हे, सृष्टीचा आहे.

या सर्वांवर एक नियम आहे, आणि तो मोडल्यास वरील कोणतेंहि ज्ञान उपयोगी पडत नाहीं: मूळ नोंदीवर कधींहि हात चालवूं नये. जुने लेखक पोथीची नक्कल करीत तेव्हां मूळ पोथी रुमालांत बांधून ठेवीत, आणि दुरुस्ती करावयाची ती नकलेंत करीत. त्यामुळें नक्कल करणाऱ्याचा प्रमाद पुढच्या नक्कल करणाऱ्यास काढतां येई. आपणहि मूळ चित्र व मूळ आवाज दोन निराळ्या ठिकाणीं जपून ठेवावा, आणि प्रयोग नकलेवर करावे. मेळ आज बसला नाहीं तर उद्यां बसेल, आपल्याकडून नाहीं तर नातवंडांकडून बसेल. पण मूळच पुसलें गेलें तर बसविण्यासाठीं उरणार काय?

दिवाळीच्या सुटींत मंडळी एकत्र जमतील. ज्यांच्या घरीं ऐंशी उलटलेलें माणूस आहे त्यांनीं एक दुपार राखून ठेवावी, खिडकीजवळ उजेडांत त्यास बसवावें, आरंभीं व शेवटीं घरांतल्या सर्वांत लहान मुलाकडून एकेक टाळी वाजवून घ्यावी, आणि मध्यें त्या माणसास मोकळेपणीं बोलूं द्यावें.